मुका मार आणि तकदीर

मराठीत ‘मुका मार’ हा एक नेमका शब्द आहे. ज्या माराने कातडी फाटत नाही, रक्त वाहत नाही आणि म्हणून ज्याची कोणी फारशी विचारपूस करीत नाही, तो मुका मार. हातापायाला असा मार बसला तर हळदीच्या लेपाने चार दिवसांत उतरतो. परंतु तोच डोक्याला बसला असेल, तर त्याचे मुकेपण प्राणघातक ठरू शकते. वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात अशाच एका मुक्या माराविषयी आपण विचार करणार आहोत. त्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाकडेही वळणार आहोत, जो प्रत्येक श्रद्धावंत कुटुंबासमोर कधी ना कधी उभा राहतो. मृत्यूची घटका ठरलेली असेल, तर आपल्या धावपळीला अर्थ काय? आणि धावपळ केली नाही, तर दोष कोणाचा?

कवटीच्या आत

मेंदू आणि कवटी यांच्या दरम्यान तीन आवरणे असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरचे आवरण जाड आणि चिवट असून त्याला वैद्यकात ‘ड्यूरा’ म्हणतात. कवटीचे हाड आणि हे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते, तेव्हा त्याला ‘एपिड्यूरल’ रक्तस्राव म्हणतात. कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. त्या जागी आघात होऊन हाडाला चीर पडली, की पुष्कळदा ही धमनी फाटते. धमनीतले रक्त जोराचे असते. ते आवरणाला हाडापासून सोलून काढत आपली जागा करून घेते. कवटी ही बंद पेटी आहे, ती फुगू शकत नाही. म्हणून आत साचलेले रक्त मेंदूलाच दाबू लागते आणि हा दाब वाढत मेंदूच्या तळाशी पोहोचला, तर श्वासाचे नियंत्रणच बंद पडते.

या आजाराचे एक वैशिष्ट्य असे, की काही रुग्णांमध्ये आघातानंतर क्षणभर शुद्ध हरपते, मग माणूस उठून बसतो, बोलतो, हसतो, पाणी मागतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. हा शुद्धीचा अवधी काही मिनिटांचा असू शकतो, काही तासांचाही असू शकतो. या अवधीत आत रक्त साचतच असते. मग डोके ठणकू लागते, उलट्या होतात, गुंगी येते आणि तो माणूस पुन्हा शुद्धीवर येत नाही. सर्वांनाच हा अवधी मिळतो असे नाही, परंतु ज्यांना मिळतो त्यांच्या बाबतीत तो दिलासाही असतो आणि फसवणूकही. वेळीच सी.टी. स्कॅन झाला आणि शल्यचिकित्सकाने कवटी उघडून साचलेले रक्त काढले, तर असे अनेक रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात. वेळ हातातून गेली, तर तीच शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरते.

मार्च २००९ मध्ये नताशा रिचर्डसन या ब्रिटिश अभिनेत्री कॅनडातील क्वेबेक प्रांतात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकत असताना पडल्या. त्यांना काहीच झाले नाही असे त्यांना स्वतःला आणि सोबतच्यांनाही वाटले. आलेली रुग्णवाहिका परत पाठवली गेली. काही वेळाने डोके दुखू लागले, प्रकृती ढासळत गेली आणि दोन दिवसांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात कारण आढळले ते हेच, एपिड्यूरल रक्तस्राव. जगातली उत्तम वैद्यकीय साधने ज्यांच्या आवाक्यात होती, त्यांच्या बाबतीतही ‘काही झालेले नाही’ हे एक वाक्य आडवे आले.

जखमी सहाबींची हकीकत

आता चौदाशे वर्षे मागे जाऊ. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आदरणीय जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. काही लोक प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्यानंतर त्याच्यावर स्नान (गुस्ल) अनिवार्य झाले. त्याने सोबत्यांना विचारले, या अवस्थेत मला तयम्मुमची सवलत आहे काय? सोबत्यांनी उत्तर दिले, की पाणी उपलब्ध असताना तशी सवलत नाही. त्याने स्नान केले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. परतल्यावर ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत त्या सोबत्यांची निर्भर्त्सना केली. त्यांनीच त्याचा जीव घेतला, असे ते म्हणाले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, असा सवाल त्यांनी केला आणि न जाणण्याच्या रोगावर विचारणे हाच उपाय आहे, अशी शिकवण दिली.

वाचकहो, या घटनेपाशी क्षणभर थांबा. ते सोबती दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात जखमी माणसाविषयी वैर नव्हते. उलट, इबादतीत कसूर राहू नये ही त्यांची तळमळ होती. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांचा हेतू शुद्ध होता. तरीही प्रेषितांनी (स.) हेतूची ढाल पुढे येऊ दिली नाही. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्याची वेळच भरली होती, अल्लाहची मर्जी तशीच होती, असे सांगून त्यांनी विषय मिटवला नाही. तकदीरवर सर्वाधिक दृढ श्रद्धा ज्यांची होती, त्यांनीच त्या मृत्यूची जबाबदारी माणसांवर ठेवली.

त्या सोबत्यांचा दोष कोणता होता? केवळ अज्ञान हा दोष नव्हे, कारण सर्व काही जाणणारा फक्त अल्लाह आहे. दोष होता तो अज्ञान असूनही निर्णय देण्याचा. ज्याला ठाऊक नाही त्याने ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायचे असते. त्याने खात्रीने ‘नाही’ म्हटले आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दावर आपला जीव ठेवला.

हे आपल्या घरात रोज घडते. मुलगा दुचाकीवरून पडून येतो. डोक्याला टेंगूळ आलेले असते. घरातले वडीलधारे हात फिरवून सांगतात, “टेंगूळ बाहेर आले ना, मग आत काही नाही. झोपू द्या त्याला.” हे बोलणारे आजोबा, मामू किंवा शेजारचे चाचा प्रेमानेच बोलतात. परंतु ‘काही होत नाही’ हाही एक फतवाच आहे. जो फतवा देतो त्याच्यावर त्याचा भार असतो. आपल्याला ज्ञान नाही त्या गोष्टीच्या मागे लागू नये, कान, डोळे आणि हृदय यांच्याविषयी जाब विचारला जाईल, हा सूरह बनी इस्राईलचा इशारा केवळ धार्मिक मसल्यांपुरता नाही. हदीसमधल्या त्या माणसाची जखम तर सर्वांना माहीत होती. इथे मार मुका आहे. जे दिसतच नाही, त्याविषयी विचारणे अधिकच आवश्यक ठरते.

तकदीर ही आज्ञा नव्हे

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. मृत्यूची घटका पुढे-मागे सरकत नाही, ही आपली श्रद्धा आहे आणि कुरआनची शिकवण आहे. मग दवाखान्यात नेले काय किंवा न नेले काय, फरक कशाने पडणार?

या शंकेचे उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तकदीर हे अल्लाहचे ज्ञान आणि त्याचा निर्णय आहे. शरियत ही आपल्याला दिलेली आज्ञा आहे. आपण चालायचे ते आज्ञेवर, कारण तीच आपल्याला कळवली आहे. तकदीर आपल्याला कळवलेली नाही. जी गोष्ट ठाऊकच नाही, ती कृतीचे किंवा निष्क्रियतेचे कारण कशी होईल? ‘नशिबात मरण असेल’ म्हणून मुलाला घरी ठेवणारा माणूस, ‘नशिबात जगणे असेल’ म्हणून त्याला दवाखान्यात का नेत नाही? लिहिलेले तर त्याला दोन्हींपैकी काहीच दिसलेले नाही. तो तकदीर वाचत नाही, आपल्या आळसाला किंवा भीतीला तकदीर हे नाव देतो.

शिवाय आपण हा युक्तिवाद सगळीकडे वापरीत नाही. रोजी अल्लाह देतो यावर विश्वास असूनही आपण सकाळी दुकान उघडतो आणि रात्री त्याला कुलूप लावतो. पोटासाठी आपण साधने वापरतो आणि जिवाच्या प्रश्नावर मात्र साधनांना श्रद्धेची उणीव समजतो, हा विचित्र न्याय आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना पाठ आहे. औषध आणि उपचार अल्लाहच्या निर्णयाला टाळू शकतात काय, असे एकदा त्यांना विचारले गेले. ती साधनेही अल्लाहच्याच निर्णयाचा भाग आहेत, असे त्यांनी उत्तर दिले. सी.टी. स्कॅनचे यंत्र, शल्यचिकित्सकाचा हात आणि मध्यरात्री धावून येणारा रिक्षावाला, हे सारे तकदीरच्या बाहेरचे नाहीत.

हीच समज आदरणीय उमर (रजि.) यांनी कृतीत दाखवली. हिजरी १८ च्या सुमारास ते शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना कळले, की पुढे प्लेगची साथ पसरली आहे. त्यांनी मुहाजिरांना विचारले, अन्सारांना विचारले, मग कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले आणि परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या निर्णयापासून पळता काय, असे आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारल्यावर, आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे त्यांनी समजावले. एका बाजूला हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला उजाड रान असेल, तर गुराखी आपले उंट हिरवळीकडे नेतो आणि तेही अल्लाहच्या निर्णयानुसारच घडते, हा दाखला त्यांनी दिला. त्यांनी आधी विचारले आणि मग ठरवले, हे लक्षात घ्या. जखमी सहाबींच्या सोबत्यांकडून नेमके हेच राहून गेले होते.

जखमेचा हिशोब

इस्लामी कायद्याकडे पाहिले तर हा विचार आणखी स्पष्ट होतो. फिकहच्या ग्रंथांत डोक्याच्या जखमांची स्वतंत्र वर्गवारी आहे. हाड उघडे पाडणारी जखम ‘मूदिहा’, हाड मोडणारी ‘हाशिमा’, हाड जागेवरून हलवणारी ‘मुनक्किला’ आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचणारी ‘मामूमा’. आदरणीय अम्र बिन हज्म (रजि.) यांच्याकरवी यमनला पाठवलेल्या प्रेषितांच्या (स.) पत्रात मूदिहाची भरपाई पाच उंट, मुनक्किलाची पंधरा उंट आणि मामूमाची पूर्ण दियतचा एक तृतीयांश, अशी ठरवलेली आहे. ‘मामूमा’ हे नाव ‘उम्म’ म्हणजे आई या शब्दावरून आले, कारण त्या आवरणाला अरब ‘मस्तकाची आई’ किंवा ‘मेंदूची आई’ म्हणत. दहाव्या शतकातील वैद्य अली इब्न अब्बास अल-मजूसी यांच्या अरबी वैद्यकग्रंथाचे ११२७ मध्ये अँटिओकच्या स्टीफनने लॅटिनमध्ये भाषांतर केले, तेव्हा ही ‘आई’ तिथेही आईच राहिली. आज जगभरचे डॉक्टर ज्याला ‘ड्यूरा मेटर’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘कठीण माता’ असा आहे. कुर्तुबाचे शल्यचिकित्सक अबुल कासिम अल-जहरावी यांनी तर कवटीला छिद्र पाडताना हत्यार आत घुसून या आवरणाला इजा करू नये, अशी विशेष हत्यारे वर्णन करून ठेवली आहेत.

या वर्गवारीचा अर्थ काय? ज्या शरियतने मस्तकाच्या प्रत्येक थराचा हिशोब ठेवला, तिने ‘लागायचे होते म्हणून लागले’ हे उत्तर स्वीकारलेले नाही. सूरह निसामध्ये तर चुकून झालेल्या हत्येसाठीही दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. मारणाऱ्याचा हेतू नव्हता, मरणाऱ्याची घटका भरली होती, तरीही जबाबदारी उरते. त्याचप्रमाणे वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीला जबाबदार राहील, अशीही हदीस आहे. घटना अल्लाहच्या निर्णयाने घडते, पण आपल्या वाट्याच्या कृतीचा जाब आपल्यालाच द्यायचा असतो.

ज्यांनी गमावले त्यांच्यासाठी

हे लिहीत असताना एका आईचा विचार मनातून जात नाही. तिने पडलेल्या लेकराला उचलले, पुसले, दूध पाजले आणि कुशीत घेऊन निजवले. सकाळी ते उठले नाही. तिला ना एपिड्यूरल हा शब्द माहीत होता, ना धोक्याची लक्षणे कोणी सांगितली होती. हा लेख तिच्या हाती पडला, तर तिने काय समजावे?

माते, आपल्यावर तो ठपका नाही. त्या सोबत्यांना जाब विचारला गेला, कारण त्यांना प्रश्न विचारला गेला होता आणि त्यांनी न जाणता निर्णय दिला. आपल्यासमोर प्रश्न उभाच राहिला नव्हता. ज्याला शंका येण्याचे कारणच नव्हते, त्याने न विचारणे आणि ज्याला शंका आली त्याने ती दाबून टाकणे, यांत मोठे अंतर आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकत नाही. आपल्यासाठी तकदीर हे बहाण्याचे नव्हे, सांत्वनाचे नाव आहे. घडून गेल्यावर ‘असे केले असते तर’ म्हणत राहू नये, तो ‘तर’ सैतानासाठी दार उघडतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण अशाच दुखावलेल्या मनांसाठी आहे. मात्र त्याच हदीसमध्ये आधी हितकारक गोष्टीसाठी झटण्याची आणि हतबल न होण्याची आज्ञा आहे. क्रम लक्षात ठेवावा. घटना घडण्यापूर्वी झटणे, घडल्यानंतर स्वीकारणे. आपण अनेकदा हा क्रम उलटा करतो. आधी स्वीकारून बसतो आणि नंतर ऊर बडवतो.

आणि ज्याच्याकडून खरोखर हलगर्जी झाली, ज्याला दवाखान्यात न्या असे सांगितले गेले होते आणि खर्चाच्या किंवा पोलीस-पंचनाम्याच्या भीतीने ज्याने टाळले, त्याने तकदीरचे नाव घेऊन स्वतःची सुटका करून घेऊ नये. त्याच्यासाठी तौबाचे दार उघडे आहे, पण त्या दारातून आत जाण्यासाठी आधी चूक मान्य करावी लागते. दुसऱ्याच्या घरी समाचाराला जाऊन हा हिशोब मांडण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. तिथे दुआ करावी आणि गप्प बसावे.

विचारण्याची वेळ

म्हणून काही गोष्टी आजच जाणून घ्याव्यात. डोक्याला मार लागल्यावर क्षणभर का होईना शुद्ध हरपली असेल, डोकेदुखी वाढत असेल, वारंवार उलट्या होत असतील, बोलणे असंबद्ध होत असेल, झोपेतून नेहमीसारखे जागे करता येत नसेल, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत असेल, हात-पाय लुळा पडत असेल, आकडी आली असेल किंवा नाका-कानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव येत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता जिथे सी.टी. स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दम करणे, दुआ करणे हे सारे गाडीत बसूनही करता येते.

घरातील वृद्धांची विशेष काळजी घ्यावी. त्यांच्यात आवरणाच्या आतल्या बाजूला, शिरांमधून हळूहळू रक्त साचण्याचा दुसरा प्रकार अधिक आढळतो. त्याला सबड्यूरल म्हणतात. किरकोळ पडण्यानंतर कित्येक आठवड्यांनी अम्मींचे बोलणे अडखळू लागले, चाल बदलली, विसरभोळेपणा एकाएकी वाढला, तर ते केवळ वय झाल्याचे लक्षण समजू नये. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती माहिती डॉक्टरांना पहिल्या वाक्यात द्यावी. असाच रक्तस्राव पाठीच्या कण्यातही होऊ शकतो. पाठीत अचानक तीव्र कळ, पायांतील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याची लक्षणे आहेत आणि तिथेही काही तासांचाच अवधी असतो.

रस्त्यावर कोणी जखमी पडलेला दिसला तर भीतीने पुढे जाऊ नये. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली संरक्षणाची तरतूद झाली आहे. एक जीव वाचवणे हे सबंध मानवजातीला वाचवण्यासारखे आहे, ही कुरआनची शिकवण आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. ती रस्त्याच्या कडेलाही आठवावी. आणि तरुणांनो, हेल्मेट ही दंडाच्या पावतीपासून बचावाची वस्तू नाही. मस्तक ही अल्लाहची अमानत आहे आणि दिवसातून पाच वेळा ते आपण त्याच्याच पुढे टेकवतो.

शुद्धीचा अवधी आपल्या सर्वांनाच मिळालेला आहे. आज आपण बोलतो, चालतो, हसतो आहोत. आत काय साचत आहे, हे आपल्याला दिसत नाही. या अवधीत जो विचारतो, तपासतो आणि आपली चूक दुरुस्त करतो, त्याने तवक्कुलचा अर्थ जाणला. अल्लाह आपल्या घरांवर कृपा करो, आपल्याला न जाणता बोलण्यापासून वाचवो, विचारण्याची नम्रता देवो आणि जे त्याच्याकडे परतले त्यांच्या घरच्यांना सब्र देवो. आमीन.